गौरीपुढचा बँडमास्तर

आमच्या गौरींपुढे दरवर्षी एक शिशाचा गोळा मांडलेला असे. मोठ्या सुपारीएवढा, खालून चपटा, वरून जरा सुरकुतलेला. त्याच्या मागे शिशाचेच बँडवाले दोन ओळी करून उभे असत. लाल कोट, पांढऱ्या विजारी, कुणाच्या तोंडाला पिपाणी, कुणाच्या गळ्यात ढोल. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सगळी आरास बघून झाली की शेवटी त्या गोळ्यापाशी थांबत आणि विचारत, "अहो वैशालीच्या आई, हे मध्ये काय ठेवलंय?" आई कुंकवाचा करंडा पुढे करत म्हणे, "तो बँडमास्तर आहे." हसावं की नाही हे त्या बाईला कळत नसे. आई स्वतः हसत नसे, त्यामुळे बाई कुंकू लावून घेई, गंभीर तोंड करून हातावरची खिरापत खाई आणि जाई. मग पुढच्या वर्षी पुन्हा विचारी.

आम्ही साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. गौरी यायच्या आदल्या दिवशी बाबा माळ्यावरून आईची काळी ट्रंक उतरवत, आणि तिचं झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या पत्र्याचा असा एक वास घरभर सुटे. मला तो वास म्हणजेच सण वाटे. तेलाचे डबे, पाट, बाबांची जाडजूड पुस्तकं एकावर एक रचून पायऱ्या व्हायच्या, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं, आणि मग आईच्या जुन्या साडीच्या चिंध्यांतून एकेक खेळणं बाहेर निघायचं. मान डोलावणारी म्हातारी. दाबला की टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक. लाखेच्या रंगाचे लाकडी हत्ती. डोळ्याला लावून बघायचा सिनेमाचा डबा. पहिल्या दिवशी गौरींना शेपूची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि समोर माहेरवाशिणींना रमवायला ही सगळी खेळणी. आम्हा पोरांनी लांबून बघायचं. हात लावला तर आईचा एक कटाक्ष पुरे होई.

ही खेळणी आईच्या माहेरची. माहेर विट्याजवळच्या एका गावात. त्या भागातली निम्मीअधिक पुरुषमाणसं गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं काम. गाव कोरडं, पाऊस बेभरवशाचा, म्हणून ही माणसं देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन भट्टी लावून बसत. आईचे वडील, ज्यांना घरदार आण्णा म्हणे, त्यांचं दुकान कोइमतूरला होतं. वर्षातून एकदा ते गावच्या जत्रेला येत. अंगाला तेजाबाचा वास, बोटांवर भाजल्याचे डाग, आणि पिशवीत लेकीसाठी एक खेळणं. दरसाल एकच. आई मांडीवर बसे आणि आण्णा त्या खेळण्याची चावी फिरवून दाखवत. सत्तरच्या दशकातल्या त्या आठ-दहा जत्रांचं मिळून आमच्या गौरीपुढचं दुकान भरलेलं होतं.

आई त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की आमची पोळी ताटात गार व्हायची. सांगायची ती मुख्यतः बँडबद्दल. ती आणि तिचा मोठा भाऊ, म्हणजे आमचा मामा, घरामागच्या लिंबाखाली बँड मांडत. यष्टी थांबायची तिथल्या हॉटेलात रेडिओ होता. मामा तिथं पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन सिनेमाचं नवं गाणं ऐकून यायचा आणि तोंडाने वाजवायचा, ढोलासकट. आई बँडवाले पुढे सरकवायची. बँडमास्तर बाकीच्यांच्या दुप्पट उंच होता, हातात काठी, छाती पुढे. तो थांबला की गाणं थांबायचं. सिनेमाच्या डब्यात फिल्मचे तुकडे होते, त्यात ढगळ पायांच्या विजारी घातलेला एक नट डोंगरावर पळत असे. त्याच्या गालावरचे कल्ले बघून आईने शाईने दोन पिपाणीवाल्यांना तसेच कल्ले काढले होते. ते अजून आहेत. परवा माझ्या मुलीने त्यांचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवला आणि मला सांगितलं की याला आता व्हिंटेज म्हणतात. म्हणोत. आम्ही त्यांना कल्लेवाले म्हणायचो.

मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "आणि मामाला काय आणायचे गं आण्णा?"

"त्याला चिमटा आणला होता," आई म्हणाली. "एका वर्षी फुंकणी. एका वर्षी लहानशी मूस." मूस म्हणजे सोनं वितळवायची मातीची कुपी. मला ते ऐकून मामाचा हेवाच वाटला होता, खरी हत्यारं खेळायला मिळाली म्हणून.

त्या चिमट्या-मुशीनेच घोटाळा केला. एका जत्रेत आई तिच्या आईबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. परत येऊन बघते तर लिंबाखाली तीन दगडांची भट्टी, मामाचं तोंड कोळशाने काळं, आणि बँड बिनमास्तरचा. बँडमास्तर मुशीत होता. सोनाराच्या घरात पोर दागिना घडवायचा खेळ खेळेल, आमच्या आजोळी पोर वितळवायचा खेळ खेळला. आई तेव्हा नऊ वर्षांची. ती रडली नाही म्हणतात. तिने तो गोळा गार होईपर्यंत वाट पाहिली, उचलून परकराच्या ओच्यात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "दादानं माजा बँडमास्तर परत उभा केल्याबिगर मी त्येला ओवाळनार न्हाई." सगळे हसले. भाऊबीज आली तेव्हा कुणाच्याही लक्षात नव्हतं, आईच्या मात्र होतं. तिच्या आईने समजावलं, मग पाठीत धपाटा घातला, मग उपाशी ठेवलं. तिने ओवाळलं नाही.

आणि पुढे कधीच ओवाळलं नाही. हे लोकांना खरं वाटत नाही, पण माझी आई तशी होती. लग्न होऊन साताऱ्यात आली, दोन पोरं झाली, शब्द तिथंच. मामाशी तिचं भांडण नव्हतं, हे लक्षात घ्या. तो यायचा म्हटलं की ती आदल्या दिवसापासून शेंगदाण्याच्या पोळ्यांच्या नादाला लागे. भाऊबीजेला स्वतः पाट मांडी, पाटाभोवती रांगोळी काढी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं जागच्या जागी ठेवी, आणि ते तबक माझ्या हातात देऊन म्हणे, "जा, मामाला ओवाळ." चार वर्षांची असल्यापासून मी मामाला ओवाळत आले. मामा हसायचा, माझ्या गालाला हळद लावायचा, पण ओवाळून घेताना त्याची नजर माझ्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे असायची. तिथं आई उभी असे, पदराला हात पुसत. मला त्या नजरेचा राग यायचा. माझ्यासारखी भाची एवढी मन लावून ओवाळतेय आणि हा बघतोय भलतीकडेच.

आता त्या वर्षाकडे येते. मी तेरा-चौदाची होते. गल्लीत नुकतंच केबल आलं होतं आणि त्याबरोबर बाकीचंही बरंच आलं. शेजारच्या देशमुख काकूंच्या गौरी थर्माकोलच्या महालात उभ्या राहिल्या. महालात लुकलुकते दिवे, आणि पुढ्यात सेलवर चालणारा कुत्रा, जो चार पावलं चालून भुंकून कोलांटी उडी मारायचा. गल्लीतली सगळी पोरं तिकडे. आमच्याकडे मान डोलावणारी म्हातारी आणि एक गोळा. मी आईला म्हटलं, "आई, या वर्षी तरी तो गोळा नको ना मांडू. सगळे हसतात." आई धोतराच्या सुरकुत्या काढत म्हणाली, "हसू देत. बँड मास्तरशिवाय उभा राहत नाही." विषय संपला. खाण तशी माती म्हणतात, म्हणून मीही हट्टाला पेटले. आईचा हा नवस की पण काय असेल तो यंदा फिटलाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कारण देशमुख काकूंचा कुत्रा होता, हे कबूल करते.

खरं कारण दुसऱ्या दिवशी मिळालं. मामा अचानक आला. गावी घराचं काही काम होतं, ते उरकून वाटेत साताऱ्यात उतरला आणि जेवता जेवता सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "मंगे, मी आता कोइमतूर सोडतोय. गुवाहाटीला जागा बघितलीया. दिवाळी झाली की बिऱ्हाडासकट जायाचं."

आईचं नाव मंगल. मंगे म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"लय लांब की रं ते," आई म्हणाली. तिची साताऱ्याची भाषा मामासमोर एका वाक्यातच गळून पडायची.

"लांबच. तितनं दर दिवाळीला यायचं जमनार न्हाई. कवा येनं हुईल, देव जाणे."

आईने त्याच्या पोळीवर तुपाची धार सोडली, ती जरा जास्तच वेळ.  बाबांनी मला डोळ्याने खुणावलं की तू गप्प बस. मी बसले नाही. "मामा," मी म्हटलं, "मग या दिवाळीच्या आत बँडमास्तर उभा कर." मामाने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतीया," आणि उठून आत गेली.

दुपारी बायकांची पंगत बसली तेव्हा मामा गौरींपुढे एकटाच बसलेला मला दिसला. मांडी घालून, हात मागे बांधून. त्याने कशाला हात लावला नव्हता. एकेका खेळण्याकडे वाकून बघत होता, आणि शेवटी लाल मोटारीपाशी थांबला. ती पत्र्याची मोटार सगळ्या खेळण्यांत मोठी आणि देखणी. दिवे, बंपर, आत चाकावर हात धरून बसलेला रंगवलेला ड्रायव्हर. तिची चावी दोऱ्याने खालच्या बाजूला बांधलेली होती, आणि तो दोरा दुकानातून आला तेव्हाचा होता. आईने त्या मोटारीला कधी चावी दिली नव्हती. आम्हाला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. मी तिच्यासाठी लहानपणी रडून रडून झोपले आहे.

"ही मोटार तुझ्या वेळची?" मी विचारलं.

"माज्या येळची न्हवं," मामा म्हणाला. "ही मागनं आली." मग त्याने गोळा उचलला, तळहातावर तोलला आणि म्हणाला, "वैशे, परसात कोळसा हाय का?"

परसात त्याने तीन विटा मांडल्या. गणपतीची उरलेली शाडू होती, ती कालवून त्याने बँडमास्तर घडवायला घेतला. मी समोर कल्लेवाला धरून उभी, नमुन्यासाठी. एवढा मोठा कारागीर, पण मातीत त्याची बोटं भांबावून गेली. कधी पाय आखूड, कधी पोट पुढे. "आमी वितळवनारी मानसं गं," तो कपाळावरचा घाम दंडाने पुसत म्हणाला. "आमच्याकडं आलं की त्येचा आकार जातो. आकार द्यायचं आमाला कुनी शिकवलंच न्हाई."

"मग तेव्हा वितळवलास कशाला?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नसावं.  तो शाडूच्या मास्तरचं डोकं बोटाने गोल करत राहिला.

"आण्णांना दावायचं हुतं," तो म्हणाला. "वर्सातनं एकदा येनारा मानूस. मंगीला मांडीवर घिऊन चावी फिरवायचं. मला म्हनायचं, चिमटा नीट धर. म्हटलं, एकदा सगळं काम हातानं करून दावावं, म्हंजी माज्याकडंबी बगतील. घरात वितळंल असं तेवढंच हुतं. आन् त्यातला दांडगा तोच."

"मग बघितलं का आण्णांनी?"

"बगितलं की. गोळा हातात घिऊन म्हनाले, पोरगं तयार झालं. पाठीवर थाप मारली. लय आनंद झाला मला. जत्रा उरकली आन् जाताना मला संगं घिऊन गेले. साळा सुटली, गाव सुटलं. दिवाळीला चार दिवस घरी धाडायचे, तेवढंच. पुढल्या जत्रंला मी कोइमतूरला भट्टीवर. दुकान बंद ठिऊन चालत न्हाई ना. आण्णा एकटंच गावाकडं आले." त्याने विटांवरच्या निखाऱ्यांना फुंकर घातली. "तवा ती मोटार आनली हुती त्यांनी. मीच बांधून दिली हुती कागदात."

भाद्रपदातली हवा, त्या मास्तरवरून घेतलेला शाडूचा साचा नीट वाळलाच नव्हता. मामाला ते कळत होतं, तरी त्याला राहवेना. शिसं ओतलं तसं ते तडतडलं, साच्याला तडा गेला, आणि उघडल्यावर जो निघाला त्याला धड होतं, पाय होते, मुंडकं नव्हतं. इतक्यात आई हाताला पीठ लागलेलं तशीच परसदारी आली. तिने खाली वाकून पाहिलं.

"याला मुंडकं न्हाई."

"साचा वला ऱ्हायला. पुढल्या येळंला घालतो."

"मग पुढल्या येळंला ओवाळीन."

"मंगे, पुढली येळ म्हंजी दिवाळीच. त्येच्यानंतर मी जानार."

"मग दिवाळीपतुर कर," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला मी पाहिला. मामाने ते बिनमुंडक्याचं शिसं रुमालात बांधलं, खिशात टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. त्या वर्षी गौरीपुढचा बँड पहिल्यांदाच समोर काहीही नसताना उभा राहिला. देशमुख काकूंनी विचारलं, "गोळा कुठं गेला हो?" आई म्हणाली, "कामाला लावलाय."

विसर्जनाच्या दिवशी मी आईला खेळणी गुंडाळायला मदत करत होते. मामा परसात बोलला ते सगळं मी तिला सांगितलं. चिमटा नीट धर, पाठीवर थाप, सगळं. शेवटी म्हटलं, "आई, मामाला एकही खेळणं मिळालं नाही ना गं?" ती म्हातारीची मान चिंधीत गुंडाळत होती.  सगळी ट्रंक भरून झाली, तेव्हा लाल मोटार बाहेरच राहिली होती. ती आईने फडक्याने पुसली, कागदात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे ठेवली.  मला वाटलं, दिवाळीला ती मला मिळणार. मधले सगळे दिवस मी साखरेला जरा जास्तच हात लावला, मोटार जागेवर आहे ना हे बघायला.

भाऊबीजेला मामा आला तो आण्णांना घेऊन. आण्णा तोवर थकले होते, दुकान मामाच्या हवाली करून गावी राहत होते, गुडघे धरल्याशिवाय उठबस होत नसे. संध्याकाळी आईने नेहमीसारखा पाट मांडला, रांगोळी काढली, तबक लावलं. मी सवयीने हात पुढे केले. आईने तबक माझ्या हातात दिलं नाही. ते खाली ठेवून ती मामासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आन."

मामाने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला. त्याच्या घड्या तो एकेक करून उलगडत गेला.  आतून बँडमास्तर निघाला. एका बाजूला झुकलेला. एक खांदा वर, एक खाली. नाक नव्हतंच म्हणायचं. हातातली काठी तांब्याच्या तारेची, आणि कोटाला मामीच्या नखांचा लाल रंग. आईने तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला.

"तिकडं वतारी न्हाईत का? एकादा चांगला करून दिला असता."

"देत हुता की. माज्या शेजारीच हाय, देवाच्या मूर्ती वततो. तू म्हनली हुतीस, तू उभा कर. म्हून मीच केला. धा-बारा मोडले. ह्यो ऱ्हायला."

आईने वाकून तो फरशीवर ठेवला आणि हात काढून घेतला.  बँडमास्तर डावीकडे कलला, जरा डगमगला, आणि तसाच कललेला उभा राहिला.

"वाकडा हाय," आई म्हणाली.

"व्हय."

"पर उभा हाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "दादा, बँडमास्तर गेल्याचं मला चार दिवस वाईट वाटलं आसंल. पर त्या गोळ्यापायी आण्णा तुला घिऊन गेले. लिंबाखाली मी एकलीच. गानं कोन वाजवनार? मला वाटायचं, ह्यो परत उभा ऱ्हायला की तूबी परत येशील. पोरीचा इचार. मोठी झाल्यावर कळलं तसं हुत न्हाई, पर तवर शब्द गेला हुता."

 कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले आण्णा म्हणाले, "मला वाटलं, पोरगं शानं झालं. पोटाला लागलं. चांगलं केलं आसंच वाटलं मला." त्यांचा आवाज भांडायचा नव्हता, विचारायचा होता. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"बस पाटावर," आई मामाला म्हणाली.

तिने ओवाळलं. मी इतकी वर्षं ओवाळत आले होते, पण ओवाळून घेताना मामाची नजर तबकावर असलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ओवाळून झाल्यावर त्याने बँडमास्तर उचलून ओवाळणी म्हणून तबकात ठेवला. तबक खाली ठेवून आई आत गेली, साखरेच्या डब्याचा आवाज झाला, आणि ती कागदातली लाल मोटार घेऊन बाहेर आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मोटार तिने मामाच्या मांडीवर ठेवली.

"ही तुजी. तवा चुकून माज्या नावानं आली."

"आगं, माजं वय काय," मामा म्हणाला.

"चावी दे."

ती मोटार पुढे गुवाहाटीला गेली. मामाच्या दुकानात भट्टीपासून लांब, देवाच्या तसबिरीशेजारी ती अजून आहे, आणि मामाची नातवंडं तिच्याशी खेळतात, कारण तिथं कुणी कुणाला नको म्हणत नाही. बँडमास्तर माझ्याकडे आहे. गौरींपुढे तो झुकून उभा असतो आणि बायका विचारतात की हा वाकडा का. मोटार आपल्याला मिळाली नाही याचं मला अजून थोडं वाईट वाटतं, हेही लिहून ठेवते. पण त्या संध्याकाळी मी तोंडातून ब्र काढला नाही, आणि माझ्या धाकट्या भावानेही मला दे म्हणून हात पुढे केला नाही.

मामाने दाताने दोरा तोडला. चावी आधी फिरेना. त्याने ती जराशी मागे घेतली, पुन्हा दाबली, आणि मग इतकी वर्षं न वाजलेला तो आवाज आला, किर्र, किर्र, किर्र. त्याने मोटार फरशीवर सोडली. ती घरघरत निघाली, आईच्या रांगोळीचा एक कोपरा पुसून गेली, वळली आणि खुर्चीखाली आण्णांच्या पायाला लागून थांबली. आण्णांनी एका हाताने गुडघा धरला आणि कण्हत खाली वाकले. मोटार उचलून त्यांनी तिची चावी बोटांनीच चाचपली, पुरती भरेपर्यंत फिरवली. मग तिचं तोंड मामाकडे केलं आणि म्हणाले, "धर रं बाळा," आणि सोडली.